हरकत नसल्यास

मुलीचा हात वर गेला, पण खांद्यापर्यंतच. तिथून तो कानामागच्या केसांवरून फिरला आणि पुन्हा टेबलावर येऊन पडला. तिच्या पुढ्यातल्या पाटीवर लिहिले होते, खाडीदेश.

अध्यक्षांच्या खुर्चीतल्या उंच मुलाने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले, तिन्ही टेबलांवरून नजर फिरवली आणि घसा खाकरला.

"मौनाची मुदत संपली आहे. एकही हरकत आलेली नाही. ठराव संमत झाला, असं मी जाहीर करतो."

लाकडी हातोडी वाजली आणि सभागृहात एकच गलका झाला. डोंगरदेशाच्या मुलांनी मैदानदेशाच्या मुलांना मिठ्या मारल्या. कालपर्यंत हीच मंडळी एकमेकांना पाण्यात पाहत होती. कुणी कोट काढून खुर्चीवर टाकला, कुणी टायची गाठ सैल केली, आणि बघता बघता देशोदेशींचे प्रतिनिधी पुन्हा विद्यापीठातली पोरे झाली.

मागच्या रांगेत खांबाला टेकून बसलेल्या सरांनीही टाळ्या वाजवल्या. पण त्यांचे लक्ष खाडीदेशाच्या त्या मुलीकडे होते. तीही टाळ्या वाजवत होती, जरा जास्तच जोरात.

सरांचे उभे आयुष्य अशाच सभागृहांत गेले होते. निरनिराळ्या देशांची माणसे एका टेबलाभोवती बसवायची आणि एका कागदावर त्यांचे एकमत करून घ्यायचे, हा त्यांचा धंदा. कधी विहिरींसाठी पैसा, कधी लसी, कधी दोन-तीन देशांतून वाहणारी नदी. निवृत्त झाल्यावर त्यांनी हाच धंदा विद्यापीठातल्या मुलांना शिकवायला घेतला. वर्षभर वर्ग चाले आणि शेवटी ही सराव परिषद होई. नदी काल्पनिक, देश काल्पनिक, भांडणे मात्र अस्सल. सभागृह फक्त रविवारी मोकळे मिळे, म्हणून शेवटची बैठक दर वर्षी रविवारी.

त्यांच्या शिकवण्याच्या तऱ्हा विद्यापीठात सगळ्यांना ठाऊक होत्या. ज्याला पाण्यावर बोलायचे असेल त्याने आधी तळमजल्याच्या नळावरून भरलेल्या बादल्या जिन्याने वर्गात आणून ठेवायच्या, हा पहिला नियम. मुले कुरकुरत, लिफ्टकडे आशेने पाहत, निम्मे पाणी जिन्यात सांडत आणि वर येऊन धापा टाकत. "आता सांगा," सर म्हणत, "माणशी किती पाणी पुरे?" त्यानंतर आकडे तोंडाला येतील तसे फेकायची कुणाची छाती होत नसे.

दुसरा धडा मौनाचा.

"या धंद्यात हो कुणी म्हणत नाही," ते सांगत. "हो म्हटलं की घरी जाऊन जाब द्यावा लागतो. म्हणून मसुदा सगळ्यांपुढे ठेवायचा आणि मुदत द्यायची. मुदतीत कुणी तोंड उघडलं नाही, की झाला मान्य. उद्या कुणी विचारलंच, तर सांगता येतं, आम्ही हो कुठे म्हणालो? आम्ही फक्त काही बोललो नाही."

मुले दर वर्षी इथे हसत. सरही ते हसू संपेपर्यंत थांबत, कारण त्यांना ते आवडायचे.

आज मात्र त्यांच्या स्वतःच्याच मानेवर एक मुदत येऊन बसली होती. सोमवारी सकाळी चहाचा कप पुढे सरकवत त्यांची बायको म्हणाली होती, "लेकीकडे कायमचं राहायला जाऊ या. तिच्या इमारतीतच तळमजल्याची जागा रिकामी झालीय. माझ्या गुडघ्यांनाही बरं. रविवारी दिवेलागणीपर्यंत तुमची हरकत आली नाही, तर मी तिला कळवते."

सरांनी चहा ढवळला. साखर केव्हाच विरघळली होती, तरी ढवळत राहिले. त्यानंतर आठवडाभर त्या विषयावर त्यांनी चकार शब्द काढला नव्हता. लेकीचे शहर म्हणजे रात्रभराचा प्रवास. तिकडे गेले की हा वर्ग संपला, ही पोरे संपली. त्यांना जायचे नव्हते.

पोरे आता शोभेपुरत्या लावलेल्या हेडफोनच्या वायरींचा गुंता सोडवत होती. सरांची नजर सवयीने वर गेली. सभागृहाच्या वरच्या कोपऱ्यात दुभाष्यांसाठी काचेची खोली होती. हल्ली तिथे मोडक्या खुर्च्या रचून ठेवत. पण तशी काचेची खोली दिसली की सरांच्या कानात आजही एक आवाज सुरू व्हायचा.

तो आवाज त्यांनी आधी ऐकला आणि चेहरा फार उशिरा पाहिला. दुभाष्याने नेहमी 'मी' म्हणूनच बोलायचे असते, आणि तो 'मी' समोरच्या माणसाचा असतो. एखादा सेनापती टेबलावर मूठ आपटून गरजायचा, आणि सरांच्या कानात एक मऊ, ठाम आवाज म्हणायचा, मी हे कदापि मान्य करणार नाही. एखादा म्हातारा मंत्री आपल्या मुलखातल्या दुष्काळाचे सांगू लागायचा, आणि तोच आवाज म्हणायचा, माझ्या माणसांना प्यायला पाणी नाही. त्या आवाजाने सरांना धमक्या दिल्या, त्यांच्या विनवण्या केल्या, एकदा तर सरळ युद्धाचा इशारा दिला. तेव्हाचे तरुण सर सकाळी हेडफोन कानाला लावण्याआधी भांग नीट आहे ना, ते पाहून घ्यायचे. वरच्या काचेतून त्यांना कुणी पाहत असेल, अशी त्यांची आपली एक आशा.

मग एके दुपारी उपाहारगृहाच्या रांगेत त्यांच्या पुढची बाई म्हणाली, "चहात साखर नको." सरांच्या हातातला ट्रे कलला आणि सगळे सूप बुटांवर सांडले.

ती वळली. आधी तिने बूट पाहिले, मग त्यांना.

"तुम्ही ते स्वल्पविराम ना?"

त्याच आठवड्यात सरांनी एका वाक्यातल्या स्वल्पविरामावरून सभा अडवून धरली होती, ती चांगली जेवणाची वेळ टळून जाईपर्यंत.

"त्या शेपटीवाल्या टिंबापायी माझं जेवण बुडालं," ती म्हणाली. "त्या दिवशी समोरची सगळी टेबलं तुमच्याशी भांडत होती आणि मी त्यांचं बोलत होते. पण खरं सांगू? त्या दिवशी मी मनापासून भांडले."

हे नाव सरांना कायमचे चिकटले. ही गोष्ट ते दर वर्षी वर्गात सांगत, आणि दर वर्षी ती सभा आदल्या वर्षापेक्षा थोडी जास्त वेळ अडत असे.

लग्नाची मागणीही त्यांनी धंद्याच्या रीतीनेच घातली. कचेरीचा जिना उतरता उतरता, तिच्याकडे न बघता ते म्हणाले, "शुक्रवारपर्यंत तुमची हरकत आली नाही, तर मी घरी कळवतो." ती काहीच बोलली नाही. पुढचे दिवस समोरून गेली तरी मान वर केली नाही. सरांची झोप उडाली, जेवण उडाले, एका मसुद्यात तर त्यांनी दोन देशांची अदलाबदल केली. शुक्रवारी संध्याकाळी ती कचेरीच्या दारात उभी राहिली आणि खळखळून हसली. किती सुंदर होते ते दिवस! सगळे पुढे होते आणि कशाचीच घाई नव्हती.

त्यानंतर संसारही मौनाच्या मुदतीवरच चालला. मसुदा मांडायचा तिने, गप्प राहायचे यांनी. पडद्यांचा रंग, लेकीची शाळा, सरांच्या आजारी आईला घरी आणायचे की नाही, चौथ्या मजल्यावरचे हे घर. "आमच्या घरात आजवर एकही ठराव फेटाळला गेला नाही," अशी फुशारकी सर मित्रांत मारत, आणि मित्र आपापल्या बायकांकडे पाहून सुस्कारे सोडत.

"सर, या पाट्या कुठे ठेवू?"

खाडीदेशाची मुलगी समोर उभी होती. बाकी सगळे चहाला बाहेर व्हरांड्यात गेले होते.

"ठेव कपाटात," सर म्हणाले. मग म्हणाले, "काय गं, मघाशी ओठांवर काहीतरी आलं होतं ना?"

"नाही, सर." ती पाट्यांच्या कडा जुळवत राहिली. "म्हणजे, आलं होतं."

"काय?"

"उन्हाळ्यात आम्हाला 'शक्य तितकं' पाणी मिळेल, असं लिहिलंय. तुम्हीच म्हणाला होतात, शक्य तितकं या दोन शब्दांत आख्खी नदी आटते."

"मग बोलली का नाहीस?"

"सगळे दमले होते. काहींची बस चुकणार होती. आणि इतक्या मारामारीनंतर कुठे जमत आलं होतं. त्यात मी एकटीनं कशाला मोडता घालायचा?"

"नियम माहीत होता तुला. गप्प बसणारा राजी."

"माहीत होता." तिने पहिल्यांदाच वर पाहिले. "पण मी राजी नव्हते, सर. मी नुसतीच गप्प होते. मला वाटलं, कुणीतरी बघेल माझ्याकडे आणि विचारेल."

"मी बघत होतो."

"मग तुम्ही का नाही विचारलंत?"

शिकवणाऱ्याने चालू सभेत तोंड घालायचे नसते, हे उत्तर सरांच्या जिभेवर तयार होते. नियम म्हणून ते बरोबरही होते. पण मुलगी वाद घालत नव्हती, तिला खरेच जाणून घ्यायचे होते, आणि तिच्या त्या सरळ बघण्यापुढे सरांना ते उत्तर फार किरकोळ वाटले.

"चुकलं माझं," ते म्हणाले. "जा, अध्यक्षाला सांग, मसुदा पुन्हा उघडायचाय."

"संमत झालेला?"

"कागदच आहे तो, शिलालेख नाही. शिव्या खाशील थोड्या."

ती पाट्या तिथेच टेबलावर टाकून पळाली. सरांनी त्या कपाटात ठेवल्या, छत्री घेतली आणि जिना उतरू लागले. अर्ध्या जिन्यात वरून अध्यक्षाचा आवाज आला, "अगं बये, आत्ता?" आणि त्यावर त्या मुलीचा, न अडखळता. मग तीन देश एकदम बोलू लागले. सर कठड्याला धरून जरा वेळ ऐकत थांबले. त्यांना भरून आले. असे आवाज तिकडे, लेकीच्या शहरात, कुठून ऐकू येणार?

घरी चालत जाताना त्यांचा निश्चय झाला. या वेळी हरकत घ्यायची. वाटेतली दुकाने, कोपऱ्यावरचा चष्मेवाला, बागेतला त्यांचा ठरलेला बाक, सगळे त्यांना आज जास्तच आपले वाटत होते. मनातल्या मनात ते सवयीने वाक्ये जुळवू लागले. सदर प्रस्तावामागील भावनेचा आदर राखून, तथापि. मग स्वतःवरच वैतागले. बायकोशी बोलायला कसला आलाय तथापि?

चौथ्या मजल्यावर पोहोचेपर्यंत त्यांनाही दम लागला होता. बायको पलंगावर बसून वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. खिडकीतून उतरते ऊन तिच्या मांडीवरच्या टॉवेलवर आले होते.

सरांनी चप्पलही काढली नाही.

"मला हरकत आहे," ते म्हणाले.

तिचे हात थांबले. "कशाला?"

"लेकीकडे जायला."

ती त्यांच्याकडे पाहतच राहिली. मग तिने टॉवेल बाजूला ठेवला.

"बसा आधी. पाणी प्या. आणि बोला."

सर बोलले. इतके सलग ते घरात कधी बोलले नव्हते. वर्गाचे बोलले, बादल्यांचे बोलले, आजच्या त्या मुलीचे बोलले. "तिथे मी करू काय? नातवाला शाळेत सोडायचं आणि दिवसभर खिडकीत बसायचं? इथे अजून चार पोरं माझं ऐकतात. तिथे मला कोण ओळखतं?" ती मान किंचित तिरकी करून ऐकत होती. काचेमागे अशीच ऐकत असणार, सरांना वाटले.

"आणि तुलाही मनातून जायचं नसणारच," शेवटी ते म्हणाले. "लेकीनं भरीला घातलं म्हणून, नाहीतर गुडघ्यांसाठी म्हणून तू..."

"मला जायचंय," ती म्हणाली.

सर थांबले.

"मला फार जायचंय. गुडघे दुखतात, ते खरंच आहे. पण गुडघे धड असते, तरी मला जायचंच होतं. ती तिकडे गेली त्या दिवसापासून जायचंय."

"मग असं सरळ कधी बोलली नाहीस?"

"सवय कुठे आहे? जन्मभर दुसऱ्यांचं मी मी करत आले." ती हसली, पण ते हसू लगेच मावळले. "आणि घरी तुमचं. तुम्ही कधी हरकत घेतली नाहीत, लोक मला नशीबवान म्हणाले. पण अहो, लेकीची शाळा चुकली तेव्हा ती कुणी निवडली होती? मी. आईंना घरी आणलं, त्यांचं करता करता लेकीकडे दुर्लक्ष झालं, कुणामुळे? माझ्यामुळे. तुम्ही हो कुठे म्हणाला होतात?"

हे वाक्य सरांच्या ओळखीचे होते. त्यावर वर्ग दर वर्षी हसायचा. इथे कुणी हसले नाही.

"ती जायला निघाली तेव्हा गाडीच्या दारात तिनं मला विचारलं, बाबांना चाललंय ना मी जातेय ते? तुम्ही बॅगा मोजत होतात. मी म्हटलं, चाललंय गं, त्यांना खूप आनंद झालाय, फक्त बोलता येत नाही त्यांना. तर म्हणाली, आई, हे ते म्हणतायत की तू म्हणतेयस?" तिने टॉवेल पुन्हा मांडीवर ओढला. "तुमच्या गप्प बसण्याचं भाषांतर करून करून दमले मी आता."

खोलीत अंधारत चालले होते. दोघांपैकी कुणी दिवा लावायला उठले नाही.

"असो," ती म्हणाली आणि घडी घालू लागली. "हरकत आली. मसुदा मागे. नियम म्हणजे नियम."

सर जिंकले होते. वर्ग राहिला, सभागृह राहिले, बाक राहिला. आयुष्यभर टेबलाच्या एका बाजूला बसून त्यांनी एका गोष्टीची वाट पाहिली होती, की पलीकडचा माणूस कधीतरी आडपडदा न ठेवता सांगेल, त्याला नेमके काय हवे आहे. तसे फार क्वचित घडले. ते आज घडले होते, त्यांच्याच पलंगावर, आणि तोच जुना आवाज या वेळी मी म्हणताना स्वतःचे बोलत होता.

"हो," ते म्हणाले.

"काय हो?"

"जाऊ या. हो म्हणतोय मी. मला इथलं सोडवत नाही, तेही खरं आहे. वर्ग आठवेल. चिडचिड करीन, तुला छळीन. पण हो. जाऊ या."

टॉवेलच्या टोकाने तिने डोळे पुसले आणि तो धुतलेला टॉवेल पुन्हा धुवायच्या कपड्यांत टाकला.

"मग कळवतेस ना तिला?" सरांनी विचारले.

"मी नाही. तुम्ही कळवा."

"अगं, तूच सांग. मी बसतो ना शेजारी."

"शेजारी मी बसते."

तिने पलंगावर सरकून जागा केली. सर बसले. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी फोनमध्ये लेकीचे नाव शोधले. शेवटी फोन केलेल्यांच्या यादीत ते पार खाली गेले होते. पहिलीच घंटा पुरी व्हायच्या आत फोन उचलला गेला.

"अगं, मी बोलतोय," सर म्हणाले.

पलीकडे काहीतरी धाडकन खाली पडले.

"बाबा?" लेकीचा आवाज थरथरत होता. "बाबा, काय झालं? आई कुठेय? आई बरी आहे ना?"